चिनी मातीच्या मगावर फुलांची नक्षी : रंग टिकण्यासाठी कामाचा नेमका क्रम

घरी रंगवलेल्या मगावरचे फूल दोन-चार धुण्यांतच पापुद्रा धरून सुटू लागते, अशी तक्रार करणाऱ्यांनी चित्र बहुतेक वेळा उत्तम काढलेले असते. चूक शोधायची झाली, तर ती ब्रश हातात घेण्यापूर्वीच्या अर्ध्या तासात किंवा ब्रश धुऊन ठेवल्यानंतरच्या दोन दिवसांत सापडते. म्हणून या लेखात पाकळ्या कशा काढाव्यात याइतकीच जागा मगाची निवड, सफाई, वाळवण आणि ओव्हन यांना दिली आहे.

एक गोष्ट आधी समजून घ्यावी, म्हणजे पुढचा प्रत्येक नियम आपोआप पटेल. मगाची झिलई, म्हणजे मातीवरचा चकचकीत थर, ही काच असते आणि काच रंग शोषत नाही. उत्तर प्रदेशातल्या खुर्ज्यासारख्या ठिकाणी तयार होणाऱ्या मगांवरची फुले टिकतात, कारण ती झिलईच्या खाली रंगवून नंतर हजार अंश सेल्सिअसच्या वरच्या तापमानाला भट्टीत भाजलेली असतात. घरच्या ओव्हनमध्ये ते तापमान मिळत नाही. आपल्याला मिळतो तो झिलईच्या वर बसलेला आणि उष्णतेने घट्ट झालेला पातळ थर. तो झिलईला किती घट्ट धरून बसतो, यावरच सगळे अवलंबून असते.

टप्पा १ : मगाची निवड

नवशिक्याने साधा, पांढरा, पूर्ण गुळगुळीत झिलईचा आणि सरळ उभ्या भिंतीचा मग घ्यावा. वर रुंद आणि खाली निमुळता मग दिसायला नाजूक असला, तरी त्यावर कागदी आराखडा सरळ बसत नाही; पट्टीची कमान होते आणि फुलांची रांग वाकडी दिसते. पोटाला फुगवटा असलेल्या मगाचीही तीच अडचण आहे.

मग खरोखर चिनी मातीचा आहे का, हे बूड पाहून ठरवावे. भाजलेल्या मातीच्या मगाच्या बुडाशी सहसा झिलई नसलेली, हाताला खरखरीत लागणारी गोल कड असते. मेलामाइनचे मग लांबून तसेच दिसतात, पण ते हलके असतात, टिचकी मारल्यावर त्यांचा आवाज बद्द येतो आणि ते ओव्हनमध्ये ठेवण्याजोगे मुळीच नसतात. बिनझिलईचा तांबड्या मातीचा मगही या कामाला नको, कारण तो पाणी शोषतो आणि आतून येणारा ओलावा रंगाला सैल करतो.

पुढील मग टाळावेत : सोनेरी किंवा चंदेरी कडेचे, आधीच छापील चित्र असलेले, फोटो छापण्यासाठी विकले जाणारे, ज्यांच्या झिलईवर प्लास्टिकसारखे आवरण दिलेले असते, आणि झिलईत केसासारखे बारीक तडे गेलेले. फोटोच्या मगावर आपला रंग झिलईऐवजी त्या आवरणाला चिकटतो, आणि ते आवरण अर्धा-पाऊण तासाच्या उष्णतेसाठी बनवलेले नसते. तडे गेलेल्या मगात मुरलेले पाणी ओव्हनमध्ये तापून मग फुटू शकतो.

टप्पा २ : रंग ओळखणे

सर्वाधिक मग या टप्प्यावर वाया जातात. दुकानात ‘सिरॅमिकवर चालतो’ असे सांगून अनेक रंग दिले जातात, पण चालतो म्हणजे टिकतो असे नव्हे. कॅनव्हासचे साधे ॲक्रिलिक, कापडाचे रंग, काचेवर सजावटीसाठी वापरायचे पातळ पारदर्शक रंग आणि दारे-खिडक्यांचा तेलकट इनॅमल यांपैकी एकही रंग रोज धुवायच्या मगासाठी योग्य नाही. पहिले तीन धुण्यात सुटतात. चौथा चिकटून राहील, पण खाण्यापिण्याच्या भांड्यावर तो येऊच नये.

आपल्याला हवे आहेत ते पाण्यात विरघळणारे आणि ओव्हनमध्ये भाजून पक्के होणारे, खास चिनी मातीसाठीचे रंग. त्यांच्या बाटलीवर भाजण्याचे तापमान आणि वेळ स्पष्ट छापलेली असते. ती नसेल तर बाटली परत ठेवावी. उदाहरणार्थ, पेबेओ कंपनीचा ‘पोर्सिलेन १५०’ हा रंग २४ तास वाळवून १५० अंश सेल्सिअसला ३५ मिनिटे भाजायचा असतो, तर त्याच कंपनीचा काचेसाठीचा ‘विट्रिया १६०’ हा रंग १६० अंशांना ४० मिनिटे. दोन्ही रंग एकाच घरातले असूनही त्यांचे नियम वेगळे आहेत. त्यामुळे एका मगावर दोन प्रकारचे रंग मिसळू नयेत. एक पक्का होईपर्यंत दुसरा करपतो किंवा कच्चा राहतो.

पहिल्या कामासाठी मोठा संच घेण्याची गरज नाही. गुलाबी, निळा, पिवळा, हिरवा आणि तपकिरी एवढे रंग पुरतात. बाटलीतला तयार हिरवा बहुधा फार भडक असतो. त्यात तपकिरीचा एखादा थेंब मिसळला की पान खऱ्या पानासारखे दिसू लागते.

सावधान : लेबलवर ‘बिनविषारी’ लिहिलेले असणे आणि रंग अन्नाच्या संपर्कात चालणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोणताही रंग मगाच्या आतल्या बाजूला लावू नये आणि बाहेरूनही काठापासून २.५ सेंटीमीटरचा पट्टा कोरा ठेवावा. ओठ टेकतात ती जागा हीच.

टप्पा ३ : मोजमाप आणि कागदावरचा आराखडा

हे काम मग धुण्याच्या आधी उरकावे. अनेकजण मग स्वच्छ करतात आणि नंतर तोच हातात फिरवत नक्षी ठरवत बसतात. बोटांचे तेल पुन्हा झिलईवर येते आणि सफाई फुकट जाते.

मगाभोवती कागदाची पट्टी गुंडाळून त्यावर कानाची जागा, काठाची सीमा आणि बुडाची सीमा खुणांनी दाखवावी. साधारण ८ सेंटीमीटर व्यासाच्या मगाचा घेर २५ सेंटीमीटर भरतो. कानाच्या मध्यापासून दोन्ही बाजूंना ३-३ सेंटीमीटर सोडावे लागतात, कारण तिथे ब्रश नीट पोचत नाही आणि पिताना बोटे घासतात. मगाची उंची ९.५ सेंटीमीटर धरली आणि वरून २.५ व खालून १ सेंटीमीटर वगळले, तर प्रत्यक्षात हाती उरते ती १९ सेंटीमीटर लांब आणि ६ सेंटीमीटर उंच पट्टी. नक्षीचा विचार या पट्टीपुरताच करावा.

फुलाचा आकार ३ ते ४ सेंटीमीटर ठेवावा. याहून मोठे फूल मगाच्या वळणावर जाते आणि समोरून पाहताना त्याच्या कडेच्या पाकळ्या दिसेनाशा होतात. एकच फूल काढायचे असेल, तर ते कोणासाठी आहे हेही आधी ठरवावे : उजव्या हाताने पिणाऱ्याला कान उजवीकडे असतानाची बाजू दिसते, समोर बसलेल्याला त्याच्या विरुद्ध बाजू. भेट द्यायच्या मगावर फूल चुकीच्या बाजूला आले, तर ज्याचा मग त्यालाच ते कधी दिसत नाही.

फूल निवडताना पांढऱ्या मगाचा रंग विसरू नये. मोगरा, तगर, जुई ही फुले पांढऱ्यावर पांढरी होऊन हरवतात आणि त्यांना काळी बाह्यरेषा दिली की चित्र रंगवायच्या पुस्तकासारखे दिसते. पहिल्या मगासाठी सदाफुली हे सर्वांत सोयीचे फूल आहे. पाच सुट्या पाकळ्या, स्पष्ट मध्य आणि फारशी छटा-कारागिरी नाही. गोकर्ण त्याच्या खालोखाल. जास्वंदीचा मोह बहुतेकांना होतो, पण ती दुसऱ्या किंवा तिसऱ्या मगासाठी राखून ठेवावी. तिच्यातली अडचण पुढे येईलच.

टप्पा ४ : सफाई

१. मग भांडी धुण्याच्या साबणाने आणि गरम पाण्याने आतून-बाहेरून धुवावा. लेबलचा चिकटा राहिला असेल तर तो पूर्ण काढावा. त्यावर खोबरेल तेल चोळण्याची युक्ती वापरली असल्यास मग पुन्हा साबणाने दोनदा धुवावा.

२. धागे न सोडणाऱ्या कापडाने पुसून मग पूर्ण कोरडा होऊ द्यावा. नवीन टर्किश टॉवेल वापरू नये, त्याचे तंतू झिलईवर राहतात आणि ओल्या रंगात अडकतात.

३. कापसाच्या बोळ्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन रंगवायचा सगळा भाग पुसावा. औषधाच्या दुकानातले स्पिरिटही चालते, पण काही स्पिरिटमध्ये तेलाचा अंश असतो, म्हणून बाटलीवरचे घटक वाचून घ्यावेत. हात निर्जंतुक करण्याचे सॅनिटायझर वापरू नये. त्यात त्वचेसाठी ग्लिसरीन घातलेले असते आणि तेच झिलईवर पातळ पडदा सोडते. सुगंधी नेलपॉलिश रिमूव्हरही याच कारणाने नको.

४. यानंतर मग फक्त कानाला धरावा किंवा आत दोन बोटे घालून उचलावा.

तपासणी : पुसलेल्या भागावर तोंडाची वाफ सोडावी. वाफेचा थर सगळीकडे सारखा बसून एकसारखा उडाला, तर पृष्ठभाग स्वच्छ आहे. ठसे किंवा पट्टे उमटले, तर अल्कोहोलने पुन्हा पुसावे.

अल्कोहोल पेट घेते, त्यामुळे हे काम गॅसच्या शेगडीजवळ करू नये.

टप्पा ५ : आराखडा मगावर उतरवणे

आराखडा बटर पेपरवर गिरवून घ्यावा आणि कागदाच्या मागच्या बाजूला ६बी किंवा ८बीची मऊ पेन्सिल फिरवावी. पट्टी मास्किंग टेपने मगावर बसवून टोकदार पेन्सिलीने रेषा हलक्या दाबाने पुन्हा गिरवल्या की झिलईवर त्या फिकट उमटतात. टाइपरायटरचा निळा-काळा कार्बन पेपर वापरू नये. त्यातला मेणकट अंश रंगाला झिलईपासून दूर ठेवतो. मार्कर पेनने आखण्याचाही सोपा मार्ग वाटतो, पण त्याची शाई पाण्याच्या रंगात मिसळून कडा मळवते.

पेन्सिलीचे काळेपण पिवळ्या आणि फिकट गुलाबी रंगाखालून राखाडी दिसते, म्हणून कोरड्या कापसाने टिपून रेषा जेमतेम दिसण्याइतक्याच ठेवाव्यात. थोडा हात बसला की पूर्ण रेषांचीही गरज उरत नाही. सदाफुलीसाठी मध्यबिंदू आणि पाच टोकांचे ठिपके पुरेत. घड्याळाच्या तबकडीची कल्पना केली, तर पहिला ठिपका १२ वर, दुसरा २ आणि ३ च्या मधे २ कडे झुकलेला, तिसरा ५ च्या किंचित अलीकडे, चौथा ७ च्या किंचित पुढे आणि पाचवा ९ आणि १० च्या मधे १० कडे झुकलेला येतो. हे ठिपके न देता अंदाजाने सुरुवात केली, की चार पाकळ्या ऐसपैस होतात आणि पाचवीला जागा राहत नाही. नवशिक्यांच्या फुलांत हा दोष हमखास आढळतो.

टप्पा ६ : रंगकाम

ब्रश तीन पुरतात : गोल २ किंवा ४ क्रमांकाचा, बारीक ० क्रमांकाचा आणि देठांसाठी लांब केसांचा लाइनर. तिन्ही कृत्रिम केसांचे असावेत. नैसर्गिक केसांचा मऊ ब्रश गुळगुळीत झिलईवर घसरतो आणि रंग ढकलतो.

मग उभा ठेवून रंगवू नये. घडी घातलेल्या नॅपकिनच्या खळग्यात तो आडवा ठेवावा, म्हणजे काम वरच्या बाजूला राहते आणि रंग खाली ओघळत नाही. शेजारी मगाच्या उंचीइतकी पुस्तके रचून त्यांवर मनगट टेकवावे. हवेत धरलेल्या हाताने झिलईवर बारीक रेषा सहसा सरळ येत नाही.

खरे काम सुरू करण्यापूर्वी एका जुन्या पांढऱ्या बशीवर तेच रंग, त्याच ब्रशने लावून पाहावेत आणि ती बशी वाळवून भाजावी. भाजल्यावर कोणता रंग किती बदलतो आणि आपला ओव्हन कसा वागतो, हे दोन्ही मग पणाला न लावता कळते. ही पायरी बहुतेक जण गाळतात. माझ्या मते संपूर्ण प्रक्रियेत सर्वांत कमी कष्टांत सर्वांत जास्त उपयोगी पडणारी पायरी हीच आहे.

रंगाची घनता. रंगात पाणी घालू नये. फारच घट्ट वाटल्यास ब्रश ओला करून टिपून घ्यावा, तेवढा ओलावा पुरतो. पाणी जास्त झाले की रंग झिलईवर थेंबाथेंबांनी गोळा होतो आणि त्याची पकडही कमी होते. उलट, जाड थापलेला रंग वरून वाळतो, आत ओला राहतो आणि ओव्हनमध्ये त्याला फोड येतात. एका थरातून मगाचा पांढरा किंचित डोकावला, तर तो दोष मानू नये.

एका जागी एकच फटकारा. कागदावर रंगवण्याची सवय असलेल्यांना हा नियम सर्वांत जड जातो. झिलईवर अर्धवट वाळलेल्या रंगावर ब्रश पुन्हा फिरवला, की खालचा थर निघून येतो आणि मधे पांढरा चट्टा पडतो. फटकारा मनासारखा आला नाही, तरी तो किमान अर्धा तास तसाच राहू द्यावा आणि नंतर त्यावर दुसरा पातळ थर द्यावा.

पाकळी. ब्रश रंगात भिजवून पाकळीच्या बाहेरच्या टोकाला दाबावा, म्हणजे केस पसरून रुंद आकार उमटतो. मग दाब कमी करत मध्याकडे ओढावा आणि मध्याच्या थोडे अलीकडे उचलावा. सदाफुलीची पाकळी बाहेर रुंद आणि आत निमुळती असते, त्यामुळे ती या एकाच हालचालीत पूर्ण होते. शेजारच्या दोन पाकळ्या लागोपाठ रंगवू नयेत. पहिली, तिसरी, मग पाचवी, दुसरी, चौथी असा क्रम ठेवला, तर आधीच्या पाकळ्यांना सावरायला थोडा वेळ मिळतो आणि कडा एकमेकींत मिसळण्याची शक्यता कमी होते. दोन पाकळ्यांमध्ये केसाएवढी पांढरी फट ठेवावी. बाह्यरेषेचे काम तीच करते.

मध्य. पाकळ्या वाळल्यानंतर मध्यभागी गडद गुलाबी टिकली आणि तिच्यात पिवळा बिंदू द्यावा. हा बिंदू ब्रशने देण्यापेक्षा टूथपिकच्या बोथट टोकाने दिला तर नेटका येतो.

आता जास्वंद. हे रंग अर्धपारदर्शक असतात, त्यामुळे गडद रंगावर दिलेला फिकट रंग आपले तेज गमावतो. लाल पाकळ्यांवर पिवळे पुंकेसर काढले की ते नारिंगी, मळकट दिसतात. उपाय दोन आहेत. पाकळ्या रंगवतानाच पुंकेसराच्या दांड्याची जागा कोरी सोडावी आणि शेवटी ती भरावी. किंवा फूल बाजूने दाखवावे, म्हणजे दांडा पाकळ्यांच्या बाहेर, मगाच्या पांढऱ्यावर येतो. दुसरा उपाय सोपा आहे आणि जास्वंद ओळखूही चटकन येते.

गोकर्णाची एकच मोठी पाकळी नजरेत भरते. तिच्या मधला पांढरट-पिवळा डाग रंगाने काढायचा नसतो. तो भाग कोरा ठेवून भोवती निळा भरायचा आणि कोऱ्या जागेच्या आत पिवळ्याची फिकट छटा द्यायची. झेंडूचे आखूड फटकारे बाहेरच्या वर्तुळापासून आत द्यावेत आणि प्रत्येक वर्तुळ वाळू द्यावे, अन्यथा मध्यापर्यंत पोचेपर्यंत रंगाचा जाड गोळा झालेला असतो.

प्राजक्त काढायचाच असेल, तर फुलाला हात लावू नये. भोवतीची पाने आणि फिकट निळसर पार्श्वभूमी रंगवून पाकळ्यांचे आकार पांढरे सोडावेत. फुलाच्या मध्यावर नारिंगी ठिपका आणि उलट्या पडलेल्या एखाद्या फुलाला नारिंगी देठ दिला की पुरे.

पाने आणि देठ फुले वाळल्यानंतरच घ्यावेत. पान दोन फटकाऱ्यांत काढावे, मधल्या शिरेच्या जागी कोरी रेघ ठेवावी. देठ लाइनरने एका ओढीत, फुलापासून बाहेरच्या दिशेने काढावा. तुकड्यातुकड्यांनी काढलेला देठ गाठीगाठींचा दिसतो. सर्व देठ सरळ उभे न ठेवता किंचित कानाकडे झुकू द्यावेत, मगाच्या गोलाईशी ते अधिक जुळते.

एक बाजू झाल्यावर अर्धा ते एक तास थांबून मगच मग फिरवावा.

सावधान : चिनी मातीचे मार्कर पेन वापरत असाल, तर ते टोपण लावून हलवावे आणि त्याचे टोक रद्दी कागदावर दाबून रंग आणावा. मगावर दाबल्यास रंगाचा मोठा थेंब नेमका नाजूक जागी पडतो.

टप्पा ७ : भाजण्यापूर्वीची दुरुस्ती

ओव्हनमध्ये जाण्याआधी सगळे काही सुधारता येते. रंग ओला असेल तर ओलसर इअरबडने पुसावा. वाळला असेल तर टूथपिकच्या टोकाने कड खरवडून सरळ करावी. पाकळीची बिघडलेली कड अशी दुरुस्त केली, तर ब्रशने केलेल्या कामापेक्षाही ती रेखीव दिसते. पूर्ण फूलच बिघडले असेल, तर ते ओल्या कापडाने काढून ती जागा अल्कोहोलने पुन्हा पुसावी आणि मगच नव्याने रंगवावे. मग प्रकाशात तिरपा धरून बोटांचे रंगीत ठसेही शोधावेत. कानाच्या आतल्या बाजूचे ठसे हमखास नजरेतून सुटतात आणि भाजल्यानंतर ते जात नाहीत.

टप्पा ८ : वाळवणे

हात लावून रंग कोरडा वाटतो, तेव्हा तो फक्त वरून कोरडा झालेला असतो. बाटलीवर सांगितलेली मुदत, म्हणजे साधारण २४ तास, पूर्ण द्यावीच. मुंबई-कोकणच्या पावसाळी हवेत मी ही मुदत दुप्पट धरतो. भिंतींना ओल सुटलेली असताना मगावरचा रंग २४ तासांत वाळेल, अशी अपेक्षा ठेवणे योग्य नाही.

मग हवेशीर जागी, धूळ बसू नये म्हणून उलट्या खोक्याखाली, पण खोक्याची एक कड उचलून ठेवावा. उन्हात ठेवणे किंवा केस वाळवण्याच्या यंत्राने घाई करणे टाळावे. त्याने वरची कातडी आधी घट्ट होते आणि आतला ओलावा कोंडला जातो. भाजल्यानंतर दिसणाऱ्या बारीक फोडांचे मूळ बहुधा इथेच असते.

टप्पा ९ : भाजणे

या कामाला ओटीजी (विजेच्या दांड्यांनी तापणारा छोटा ओव्हन) किंवा कन्व्हेक्शनची, म्हणजे गरम हवेने भाजण्याची, सोय असलेला मायक्रोवेव्ह लागतो. साधा मायक्रोवेव्ह चालत नाही, कारण त्याच्या लहरी रंगाचा थर ठरावीक तापमानाला एकसारखा धरून ठेवू शकत नाहीत. कन्व्हेक्शन निवडताना ‘कॉम्बिनेशन’ची कळ दाबली जाणार नाही, याकडे लक्ष द्यावे, कारण तिने मायक्रोवेव्हच्या लहरीही सुरू होतात. प्रेशर कुकरमध्ये मग उकडण्याचा सल्लाही फिरत असतो. कुकरमधले तापमान पूर्ण दाबाला सुमारे १२० अंश असते आणि तेही वाफेचे. त्याने रंग पक्का तर होत नाहीच, वर फुगून सुटतो. तवा आणि गॅसची थेट आच यांनी मग तडकतो.

१. थंड मग थंड ओव्हनमध्ये ठेवावा. केक करताना ओव्हन आधी तापवण्याची सवय इथे बाजूला ठेवावी. थंड मग एकदम तापलेल्या जागेत गेला की तडा जाण्याचा धोका असतो.

२. लहान ओटीजीत वरची दांडी मगाच्या काठाच्या फार जवळ येते. जाळी सर्वांत खालच्या खाचेत बसवावी आणि मग मधोमध ठेवावा. एकापेक्षा जास्त मग असतील तर त्यांच्यात ३-४ सेंटीमीटर अंतर असावे.

३. तापमान बाटलीवर असेल तेवढेच ठेवावे. ओटीजीच्या गोल बटणावरचा आकडा आणि आतले खरे तापमान यांत बरेच अंतर असू शकते, म्हणून ओव्हनमध्ये ठेवायचा छोटा तापमापक घेणे हा खर्च वाया जात नाही.

४. वेळ मोजायची ती आतले तापमान ठरलेल्या आकड्याला पोचल्यापासून. बटण फिरवल्यापासून मोजली, तर ओव्हन तापण्यात गेलेली १०-१५ मिनिटे भाजण्यात धरली जातात आणि मग कच्चा राहतो. ‘सगळे सांगितल्याप्रमाणे केले, तरी रंग गेला’ असे सांगणाऱ्यांना मी पहिला प्रश्न हाच विचारतो.

५. वेळ झाल्यावर ओव्हन बंद करावा, पण दार उघडू नये. मग आतच, हाताला पूर्ण थंड लागेपर्यंत राहू द्यावा. याला एक-दोन तास सहज लागतात.

भाजताना थोडा वास येतो. स्वयंपाकघराची खिडकी उघडी ठेवावी आणि त्याच वेळी ओव्हनमध्ये खाण्याचे काहीही ठेवू नये.

मधेच वीज गेली तर मग बाहेर काढू नये आणि उरलेली मिनिटे जोडण्याचा हिशेबही करू नये. तो थंड होऊ द्यावा आणि वीज आल्यावर पूर्ण वेळ पहिल्यापासून द्यावा.

टप्पा १० : परीक्षा आणि वापर

तपासणी : थंड झालेल्या मगावरील एखाद्या पानाची कड नखाने हलकेच खरवडावी, मग ओला कापूस त्यावर जोर देऊन फिरवावा. नखाला पापुद्रा लागला किंवा कापसावर रंग आला, तर भाजणी कमी पडली आहे. असा मग पूर्ण वाळवून ठरलेल्या तापमानाला पूर्ण वेळ पुन्हा भाजावा. पांढरा किंवा गुलाबी रंग पिवळसर-तपकिरी झाला असेल, तर ओव्हन जास्त तापला आहे. त्यावर इलाज नाही, पण पुढच्या वेळी तापमापकाशी ताडून बटण कमी करावे.

फोड दिसल्यास ते फोडून रंगवू नयेत. ते वाळवण अपुरी झाल्याचे किंवा थर जाड असल्याचे लक्षण आहे आणि त्यांच्या शेजारचा रंगही सैल असू शकतो.

भाजलेला मग डिशवॉशरमध्ये चालतो असे अनेक बाटल्यांवर लिहिलेले असते. तरीही मी हाताने, मऊ स्पंजने धुण्याचाच सल्ला देईन. थर झिलईच्या वर आहे, हे विसरून चालत नाही. तारेची घासणी आणि खरखरीत पावडर यांचा स्पर्श होऊ देऊ नये. आपल्याकडे खरा धोका इथेच असतो : मालकाने जपलेला मग भांडी घासायला येणाऱ्या मावशींच्या हाती इतर भांड्यांबरोबर जातो आणि तारेच्या दोन हातांत सदाफुलीच्या पाकळ्या विरळ होतात. त्यात त्यांचा दोष नाही. मग पाहून तो वेगळ्या प्रकारे धुवायचा आहे हे कळत नाही, म्हणून एकतर तसे आधी सांगावे किंवा चहा झाल्यावर तो स्वतःच विसळून ठेवावा. रात्रभर पाण्यात बुडवून ठेवणे आणि एकात एक मग रचणे हेही टाळावे. धातूच्या चकाकीचे रंग वापरले असल्यास तो मग मायक्रोवेव्हमध्ये चहा गरम करायला ठेवू नये.

भेट देताना या सूचना चिठ्ठीवर लिहून मगात ठेवाव्यात.

वापरात एखादी पाकळी उडालीच, तर तेवढी जागा दुरुस्त करता येते. सुटलेल्या रंगाच्या कडा बोथट पात्याने खरवडून घ्याव्यात, मग साबणाने धुऊन एक दिवस वाळू द्यावा आणि ती जागा अल्कोहोलने पुसावी. पाकळी त्याच प्रकारच्या रंगाने, जुन्या रंगावर न चढवता, पुन्हा काढावी. त्यानंतर वाळवण आणि भाजणी पूर्ण मुदतीची करावी. दुसऱ्या भाजणीत जुना रंग किंचित गडद होऊ शकतो, म्हणून नवी पाकळी रंगवताना शेजारच्या पाकळ्यांपेक्षा अगदी थोडा गडद रंग घेतल्यास मेळ चांगला बसतो.